मशीनची आई बदलली

सोमवार, ३ मार्च

पुन्हा "अहो"! सकाळी सुनेनं चहाचा कप पुढं केला आणि म्हणाली, "अहो आई, साखर बरोबर आहे का?" अहो! बारा वर्षं मी या घरात "ए आई" होते. ए आई, माझा टॉवेल कुठंय. ए आई, गप बस ना जरा. आता तिची सख्खी आई राहायला आली आणि मी अहो झाले. शेजारच्या जिन्यावरच्या बाईला म्हणावं तसं.

बरं. कशी आहेस वही? वीस दिवस तुला हात लावला नाही. रागावू नकोस. गादीखालून तुला काढायला खोली रिकामी मिळत नाही. विहिण माझ्याच खोलीत झोपते. आठ दिवसांसाठी आली होती, तिसरा महिना लागला. खिडकीत कुंड्या मांडल्यात तिनं, पाच. पाहुण्यानं कुंड्या आणल्या की समजावं काय ते.

बाई शाळेत मास्तरीण होती, तेहतीस वर्षं. मी चौथी. नंतर दवाखान्याच्या धुलाईत चादरी. ती वाक्य पूर्ण करते, मग थांबून माझ्याकडे बघते — समजलं का, अशी. समजलं हो बाई!

बुधवार, ५ मार्च

सुनेचा कॉम्प्युटर मेला.

घर त्याच्यावर चालतं. मुलगा लांबच्या गाडीवर, महिन्यातून चार दिवस घरी. सून कानाला ते हेडफोन लावून बसते. डॉक्टर लोक तिकडं बोलून ठेवतात, कुणाचं काय कापलं, कुणाला किती गोळ्या, आणि ही ते टाईप करून पाठवते. दिवसाला चाळीस-चाळीस पेशंट. बोटांनी की-बोर्डवरची अक्षरं पुसून टाकलीत पोरीनं.

दुपारी पंखा मोठ्यानं घरघरला. मग जळका वास. इस्त्रीखाली चादर करपते तसा. सून आतून ओरडली, "आई!"

मी स्वयंपाकघरातून उठले, हातात पातेलं. विहिण कॉटवरून उठली. दारात दोघी अडकलो — ती आडवी, मी आडवी. सून आमच्याकडं बघतही नव्हती. कुठल्या आईला हाक मारली तिलाच ठाऊक. विहिणीनं ओ दिली. मी पातेलं घेऊन परत आले.

तोवर गॅसवरचं लागलं ते वेगळंच.

गुरुवार, ६ मार्च

मशीनवाला आला. मिशा पांढऱ्या, बोटं काळी. डबा उघडला, फुंकर मारली, मान हलवली. डॉक्टर हलवतात तशीच. म्हणाला मदरबोर्ड गेला, नवा घालावा लागेल. सगळं त्याच्यावर लोंबकळलेलं असतं म्हणे, तो गेला की बाकीचे असून नसल्यासारखे.

विहिण माझ्याकडं वळून सांगते, "मदर म्हणजे आई."

मी म्हटलं, "आणि बोर्ड म्हणजे फळा. धुलाईत एवढं शिकवलं मला."

मशीनवाला मिशीत हसला. सून हसली नाही. आईच्या बाजूनं झाली ती! पूर्वी माझ्या असल्या बोलण्यावर पोट धरून हसायची.

शनिवार, ८ मार्च

नवा बोर्ड बसला. मशीन चालू झालं. मी म्हटलं चला, मिटलं. कुठलं मिटतंय! पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आली आणि जाईनात. सिस्टीमचा परवाना वैध नाही.

मशीनवाल्यानं समजावलं ते लिहून ठेवते. मशीन ज्याच्यावर चालतं ती सिस्टीम विकत घेतलेली असते, तिचा परवाना असतो. तो परवाना मदरबोर्ड बघून मशीनला ओळखतो. बोर्ड बदलला की म्हणतो, हे माझं मशीन नव्हे. माणूस गमतीनं म्हणाला, "आजी, मशीनची आई बदलली ना, आता ते आपल्याच घरात परकं झालं."

मला गंमत वाटली नाही. डबा तोच, पडदा तोच, पुसलेली अक्षरं तीच. आणि एक आई बदलली म्हणून ओळख विसरायची? असं करणारं हे एकटंच मशीन नव्हे या घरात.

उपाय आहे म्हणाला. पहिल्यांदा घेताना तो परवाना कुणाच्या खात्याला बांधला असेल, तर त्या खात्यानं आत जायचं आणि सांगायचं, बाबा हेच ते मशीन, फक्त आतला भाग बदललाय. मग सिस्टीम ऐकते. सुनेनं तिची दोन्ही खाती घालून बघितली. दोन्हीकडं एकच — या खात्यावर परवाना सापडत नाही. नवा परवाना घेता येतो, पण सून जिचं टायपिंग करते त्या कंपनीत नोंद जुन्याची आहे. नव्याची तपासणी व्हायला महिना, तोवर काम दुसऱ्याला. पेशंटची कागदं म्हणून भारी कडक आहेत ते लोक. सोमवारी सतरा तारखेला सगळ्यांची मशीनं तपासणार.

सून कपाळाला हात लावून बसली. सहा वर्षांपूर्वीचं तिला काही आठवेना. मग माझ्याकडं वळली. "अहो आई, तुम्हाला काही आठवतंय का हो, खातं कुणाच्या नावानं उघडलं होतं?"

एका वाक्यात अहो, तुम्हाला आणि हो! तीन चपला.

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं. चौथी शिकलेली बाई मी. तुझ्या आईला विचार."

रविवार, ९ मार्च

विहिण आणि सून बाजारात गेल्यात. ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या. मला कालच आठवलं होतं, खोटं कशाला बोलू तुझ्याशी. खात्री करायची होती एवढंच.

हे बघ, माझ्याच हातचं, सहा वर्षांपूर्वीचं: "आज कॉम्पुटर आला. सुनेचा फोन सकाळी बादलीत पडला म्हणून माझा फोन नंबर दिला. खातं माझ्या नावानं. दुकानवाला म्हणाला परवाना आता आजींच्या खात्याला बांधला, जपा. मग सून एकेक अक्षर बोलत गेली आणि मी लिहीत गेले." खाली ते लिहिलंय. ए ए आई एम ए जे एच आई. त्याखाली: "सगळं बारीक अक्षरात. सून म्हणाली, ए आई, मशीन तुझ्या नावावर, आता भाव खा."

मला त्या इंग्रजी अक्षरांतलं काही कळत नाही. कानाला आलं तसं उतरवलं. पण पहिली तीन वाचली की आजही वाटतं ती दारातून हाक मारतेय.

आहे माझ्याकडं. मास्तरणीकडं नाही, माझ्याकडं! वही ट्रंकेत ठेवली, वर लोकरीचे कपडे दाबले. सुनेनं येऊन विचारावं. नीट. "ए आई" म्हणून. एवढंच मागणं आहे माझं, जास्त नाही.

सोमवार, १० मार्च

विचारलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

विहिणीचा कुणी जुना विद्यार्थी आहे म्हणे कॉम्प्युटरमधला. फोनवर बाईंचा आवाज बघ किती गोड झाला! "माझ्या मुलीचं जरा काम होतं रे." त्यानं एक लांबलचक नंबर पाठवला, किल्ली म्हणतात त्याला. फुकट. विहिणीनं वाचला, सुनेनं टाईप केला. कोपऱ्यातली अक्षरं गेली.

सुनेनं आईला मिठी मारली. मी भाजी निवडत होते. सुनेच्या डोक्यावरून माझ्याकडं बघून विहिण म्हणते कशी, "विद्यार्थी हीच आमची कमाई." मी म्हटलं, "माझी कमाई चादरी. त्यांनी कधी फोन नाही केला."

आत कुठंतरी पेटलंय माझं. पाणी प्यायले तरी जात नाही. मशीनवाला म्हणाला होता असल्या चोरीच्या किल्ल्या चालत नाहीत, कंपनीला लगेच कळतं. मी ऐकलं होतं ते. बोलले नाही.

बुधवार, १२ मार्च

दिवसभर घरात आई आई आई. एकही माझी नाही.

गुरुवार, १३ मार्च

पकडलं.

सकाळी मशीन उघडलं तर कंपनीचा निरोप. तुमच्या मशीनवरचा परवाना बनावट आहे. सतरा तारखेपर्यंत मूळ परवाना दाखवा, नाहीतर तुमचं नाव कमी करण्यात येईल. अकरा वर्षांचं काम तिचं!

विहिण पांढरीफटक. "मला वाटलं तो सरळ मुलगा आहे," एवढंच म्हणाली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली. सकाळी घातलं होतं तिनं.

सून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ. मी ओळखते तो नळ. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पण असाच सोडायची. तिनं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आईनं बोलणं टाकलं होतं, हिची पत्रं परत यायची. मग तिला ताप आला. एकवीस दिवस. मीच पुसलं, मीच भरवलं. बाविसाव्या दिवशी डोळे उघडून म्हणाली, "ए आई, पाणी दे." तिथून मी ए.

आता नळाला कान लावून मी बाहेर उभी, आणि हातात टॉवेल. आपण काय करून ठेवलं गं बाई! एका अहोपायी पोरीचं काम घालवतेस?

तरी ट्रंक उघडली नाही. उद्या बघू म्हटलं. माझी जीभ जशी वाकडी आहे तशीच मीही आहे.

शुक्रवार, १४ मार्च

उघडली ट्रंक. सकाळीच. वही घेऊन गेले आणि टेबलावर आपटली. "आत्ता लोकरीच्या कपड्यांत सापडली," असं म्हटलं. तुला माहीत आहे खरं, तू गप बस.

सुनेनं वाचलं आणि उठून उभीच राहिली. मग माझा फोन नंबर घालून खातं उघडायला बसली. ते म्हणालं पासवर्ड द्या. तिनं माझ्या वहीतलं बघून घातलं. आई आहे तिथं आई असं इंग्रजीत लिहिलं, एम ए आहे तिथं एम ए. चुकीचा. जरा बदलून परत घातलं. चुकीचा! खाली आलं — आता एकच संधी, नंतर तीस दिवस खातं बंद.

सुनेनं की-बोर्डवरून हात उचलले. "हे मीच सांगितलं होतं ना तुम्हाला, मग मला का आठवत नाही?"

विहिणीनं वही ओढली. चष्मा नाकावर. तेहतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई. बोट एकेका अक्षराखालून फिरवलं. मग मला विचारलं, "तिनं 'आय' म्हटलं होतं का? आणि तुम्ही 'आई' लिहिलंत?"

मी म्हटलं, "मग? आय कसं लिहायचं? आय म्हणणं गावंढळ. मी शुद्ध लिहिलं."

अगं, ती हसली नाही. मला वाटलं आता पोरांना सांगते तसं सांगेल. म्हणाली, "शुद्धच लिहिलंत. पण ते इंग्रजीतलं एकच अक्षर होतं, आय. दोन्ही ठिकाणी." मग ओठातल्या ओठात जुळवायला लागली. ए, ए, आय. एम, ए, जे, एच, आय. एकदा वाचलं, परत वाचलं. आणि चष्मा काढला. सून "काय गं, काय?" करतेय, आणि ही काच पुसतेय.

"आई माझी," म्हणाली शेवटी. "घाल. आई माझी."

सुनेनं घातलं. खातं उघडलं. आणि माझा फोन टिंग झाला. नंबर आला होता, तो सांगितल्याशिवाय पुढं जाणार नव्हतं. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी चष्मा शोधला. सावकाश. डोक्यावरच होता, तरी आधी टेबलावर शोधला. सून किंचाळली, "ए आई, सांग ना लवकर, वेळ जाईल त्याची!"

ए. आणि सांग ना! मी सांगितला नंबर. एकेक आकडा, मास्तरणीसारखा.

सुनेनं मग हार्डवेअर बदललंय असं कुठंतरी दाबलं, यादीतून आपलं मशीन निवडलं. एक चक्र फिरलं, फिरलं, आणि कोपरा स्वच्छ. परवाना वैध आहे. माझ्या नावानं.

सहा वर्षं माझ्या ट्रंकेत ती ओळ पडली होती आणि मला वाचता येत नव्हती. पण कुठली आई? तेव्हा मायलेकी बोलत नव्हत्या. जी बोलत नाही तिच्यासाठीच माणूस जास्त झुरतं. सुनेला विचारावंसं फार वाटलं. विचारलं नाही. भलतंच उत्तर आलं तर कुठं ठेवू ते?

शनिवार, १५ मार्च

दुपारी चादरी घड्या करायला विहिण पुढं आली. तिला येत नाही. तिची टोकं जुळत नाहीत, मी चार झटक्यांत करते. पहिल्यांदा तिला शिकवलं काहीतरी.

मधे चादर, त्या बाजूनं म्हणाली, "अहो म्हणायला मीच सांगितलं तिला."

मी चादर ताणून धरली.

"आले त्या दिवशी तुम्हाला ए आई म्हणत होती. कानाला टोचलं. म्हटलं वडीलधाऱ्यांशी नीट बोलावं. खरं कारण ते नव्हतं." मग टोक जुळवायला माझ्याजवळ आली. "आणि तो पासवर्ड तुमचा आहे. मी तेव्हा तिची पत्रं परत पाठवत होते. तेवढं मला वाचता येतं."

म्हणजे ही माझ्यावर जळत होती! तेहतीस वर्षं मास्तरीण, घरात पुस्तकांचं कपाट, आणि जळते कुणावर, तर चादरी धुणारीवर! मला बरं वाटलं. खोटं नाही सांगत, फार बरं वाटलं. तोंडानं म्हटलं, "टोक नीट धरा."

संध्याकाळी मशीनवाला सगळं तपासून गेला. खात्याला दुसरा एक फोन नंबर देऊन ठेवा म्हणाला, तुमचा फोन हरवला, तुम्ही कधी उचलला नाहीत, तर नंबर तिकडं जाईल. सुनेनं विहिणीकडं बघितलं. मी म्हटलं, "काही नको. माझा एक पुरे." दिला नाही दुसरा.

सोमवार, १७ मार्च

कंपनीनं तपासलं. पास! सून नाचली. विहिणीनं आज सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या, मी डॉक्टरकडं गेले तेवढ्यात. न विचारता. माझ्या खोलीत माझी गादी हलवायची हिला कुणी सांगितलं?

बुधवार, १९ मार्च

आज वही उघडली तर पानापानावर पेन्सिल. जिथं जिथं मी विहिण लिहिलं तिथं "हि"वर बारीक रेघ आणि समासात सुबक अक्षरात "विहीण". "विहिणीनं" लिहिलं तिथं हात लावलेला नाही, ते बरोबर असणार. बाकी एक शब्द खोडलेला नाही. मी पाच दिवस ट्रंक दाबून बसले ते पानही नाही. म्हणजे तिनं ते वाचलं. पहिल्या पानापासून सगळं वाचलं. सुनेला बोलली नाही.

गाद्या काढताना वही तिच्या हाती लागली असणार, त्याला दोन दिवस झाले, तरी सून मला अजून ए आईच म्हणते.

दुपारी मशीनवाल्याला फोन केला. खात्याला दुसरा नंबर विहीणबाईंचा घाला म्हटलं. पहिला माझाच राहील.

सून, हे पान तू कधी वाचलंसच तर ऐक. माझा फोन वाजून वाजून थांबला तर विहीणबाईंनी उचलायचा, चष्मा शोधत बसायचं नाही. आणि तू दारातून "ए आई" म्हणून हाक मारलीस, तर ओ त्यांनीच द्यायची.